चुडामणनानांची बाटली

ऋतिकाच्या रुखवतासाठी जपून ठेवलेली सोलापुरी चादर चुडामणनानांनी गेटजवळच्या झाडाला गुंडाळली, तेव्हा नूतनताई भरिताची वांगी भाजत होत्या. हातातलं वांगं देठाला धरून त्या तशाच बाहेर आल्या.

"अहो, नवी कोरी चादर आहे ती!"

"म्हणूनच घेतली," नाना म्हणाले. "जुनीतून वारा जातो."

"आणि पोरीच्या रुखवतात काय मांडू? झाड?"

"पोरीचं लग्न अजून ठरायचंय. बाटलीला थंडी आज वाजतेय."

आता या बाटलीचा खुलासा आधीच केलेला बरा, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यापायीच झाला. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, त्या वर्षी त्यांनी पिंप्राळ्यातल्या आपल्या घराच्या गेटच्या दोन्ही बाजूंना दोन पाम लावले. नर्सरीवाल्याने नाव सांगितलं, बॉटल पाम. बुंधा खाली गरगरीत फुगलेला आणि वर एकदम निमुळता, जत्रेतल्या गोटीसोड्याच्या बाटलीसारखा. शेजारच्या द्रौपदाअक्का पहिल्याच दिवशी गेटमधून डोकावल्या, "हाई तं बाटली शे!" म्हणाल्या, आणि बारसं झालं. उजवीकडची मोठी बाटली, डावीकडची धाकटी. "नाना कुठे आहेत?" असं कोणी विचारलं की घरातून उत्तर यायचं, "बाटलीपाशी." साऱ्या गल्लीच्या कानाला ते इतकं सरावलं होतं की कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

खुद्द नाना इतके निर्व्यसनी की पंगतीनंतर विड्याचं तबक पुढे आलं तरी हात मागे घ्यायचे. ऋतिकाच्या स्थळासाठी माहिती छापायला दिली, तेव्हा 'घरचे संस्कार' या ओळीपुढे 'सुपारीचेही व्यसन नाही' असं त्यांनी आग्रहाने घालायला लावलं होतं. सोयरिकीच्या बाजारात आपलं हेच नाणं खणखणीत आहे, अशी त्यांची खात्री होती.

पामचं मात्र त्यांना वेड लागलं होतं. ज्या उन्हात डांबर चपलेला चिकटून येतं, ते जळगावचं ऊन या झाडांनी हसत काढलं होतं. प्रश्न होता थंडीचा. यंदा तर थंडीने ताळतंत्रच सोडलं. चंपाषष्ठी उलटली तरी घरोघरी पंखे गरगरत होते. मग एका रात्रीत उत्तरेचा वारा सुटला आणि लोकांनी ट्रंकांतून स्वेटर उपसले. ते उन्हात घालून होतात न होतात तोच पुन्हा घाम सुटला. स्वेटर परत ट्रंकेत गेले, आणि दुसऱ्याच पहाटे माणसं कानटोप्या शोधत फिरू लागली. शिवारात केळीला चरका बसला, पानं करपली. आणि पिंप्राळ्यात धाकट्या बाटलीच्या पानांची टोकं तपकिरी पडली.

या झाडाला एका वेळी पानं असतात ती जेमतेम चार-पाच. त्यातलं एक वाळणं म्हणजे नानांच्या लेखी घरातलं माणूस अंथरुणाला खिळणं. त्यांनी दोन्ही झाडांजवळ पिवळे दिवे टांगले. मधल्या कोवळ्या कोंबावर आपली माकडटोपी चढवली. बुंध्याला आधी गोणपाट, मग गोधडी आणि आता चादर. मुक्ताईनगरकडे त्यांचा मावसभाऊ उखर्डू केळी करायचा, त्याला फोन लावला.

"धूर कर," उखर्डू म्हणाला. "आम्ही बागेच्या बांधाले काडीकचरा पेटवतो. धुरानं थंडी खाली उतरत नाही."

उखर्डूचा बांध मोकळ्या रानात होता आणि नानांचं गेट द्रौपदाअक्कांच्या दोरीवरच्या कपड्यांना लागून, हा फरक दोघांच्याही ध्यानात आला नाही. दिवेलागणीला नानांनी घमेल्यात ओला पालापाचोळा पेटवला आणि सगळी गल्ली खोकू लागली. अक्का पदर नाकाला लावून आल्या. पण नाना धाकटीच्या पायाशी उकिडवे बसून इतक्या काकुळतीने फुंकर घालत होते की भांडायला आलेल्या अक्काच विरघळल्या.

"जगी का हो नाना, ती?"

"बघू अक्का. मोठीची काळजी नाही. हिचंच काही खरं नाही."

घरातून नूतनताईंचा आवाज आला, "अहो, भाकरी गार झाली!" नाना उठले नाहीत.

हे चाललं असताना धुळ्याचं स्थळ सांगून आलं. मुलाचं नाव नवीन; इंजिनियर, शांत. वडील देवचंदभाऊ, त्यांचं शेतीच्या मोटारपंपांचं दुकान. फोटो पसंत पडले, पत्रिका जमली, नवीन आणि ऋतिका फोनवर दोन-तीनदा बोललेही. रविवारी पाहुणे घरी यायचे होते. नूतनताई खूश होत्या. नानाही खूश होते, फक्त हवामान खात्याने रविवारी पारा घसरेल म्हटल्यामुळे अर्धेच.

गुरुवारी दुपारी द्रौपदाअक्का हसत हसत आल्या आणि ओट्यावर ऐसपैस बसल्या.

"नूतन, चहा टाक वं. तुनी पोरनं कल्याण करी उनू मी."

"काय केलंत अक्का?"

"धुळाकडला माणूस येल व्हता सकायले. मगन नाव सांगं त्यानी. घर इचारत इचारत मनाच दारशी उना."

नानांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मगन? म्हणजे मुलाचा मामा! चौकशीला आला असणार."

"तेच तं! मी मनमा म्हनं, आते सोडानं नही. इतली तारीफ करी तुमनी, इतली तारीफ करी! त्यानी इचारं, माणूस कसा शे? मी सांगं, लाखमा एक."

"मग?"

"मंग इचारं, काही येसन? मी सांगं, छ्या! पान नही, तमाखू नही. फक्त संध्याकाय व्हयनी का बाटली."

नूतनताईंच्या हातातली साखरेची बरणी तिथेच थांबली. नाना मात्र अजून कौतुकाच्या पायरीवरच होते. "बरोबर सांगितलंत. मग?"

"त्यानी इचारं, रोज? मी सांगं, हिवाळामा रोज. उन्हाळामा इतलं नही. थंडी पडनी का मंग त्यासले दुसरं काहीच सुचत नही. इचारं, कितली? मी सांगं, दोन शेतस. एक मोठी, एक धाकटी. मोठी अजून बरी शे, धाकटी आते सरतच उनी."

आता नानांच्या कपाळावर भर थंडीत घाम आला.

"त्यानी इचारं, घरवाली काही बोलत नही? मी सांगं, ती बिचारी हाका मारी मारी थकी जास. भाकर थंडी व्हई जास, पण नाना बाटली सोडीसन उठतील तं शपथ! वरथून धूरबी काढतस, बठ्ठी गल्ली खोकस."

"अक्का," नाना क्षीण आवाजात म्हणाले, "ते झाड आहे असं सांगितलंत का?"

अक्कांनी त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. "आते बाटली झाड शे हाई सांगानं पडस का? बठ्ठासले ठाऊक शे! पण माणूस मोठा घाईना. चहाबी पिधा नही, उठना नि गया. मी बराबर बोलनू ना?"

त्या बिचारीला काय बोलणार? नूतनताईंनी चहा दिला आणि अक्का गेल्यावर दार लोटून त्या नानांकडे वळल्या.

"सुपारीचंही व्यसन नाही! छापा अजून!"

"मी आत्ता फोन करतो. दोन मिनिटांत उलगडा होईल."

"बाबा, मी नवीनला सांगू का?" ऋतिका हसू दाबत म्हणाली.

"मुळीच नाही! बापाच्या बाटलीची सफाई मुलीनं द्यायची? हे आम्हा मोठ्यांचं काम आहे."

मोठ्यांचं काम मोठ्यांनी हाती घेतलं. फोन देवचंदभाऊंनीच उचलला.

"देवचंदभाऊ, नमस्कार. जरा नाजूक विषय आहे. मगनभाऊ आले होते म्हणे. त्यांनी तुम्हाला काही बाटलीबद्दल..."

पलीकडे घाईची पावलं वाजली. मग दार बंद केल्याचा आवाज, आणि देवचंदभाऊंचा कुजबुजता स्वर. "नाना, फोनवर नको. घरमा बठ्ठा कान टवकारीसन बठेल शेतस."

"अहो पण तसं काही नाहीये. ती बाटली म्हणजे..."

"माले समजनं. बठ्ठं समजनं. तुम्ही आते काहीच बोलू नका. आपण रविवारी समोरासमोर बोलू. मी काय तो निर्णय कयेल शे मनमा." आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाले?" नूतनताईंनी विचारलं.

"निर्णय केलाय म्हणतात. तोंडावर सांगायला येताहेत."

त्या रात्री घरात कोणी फारसं जेवलं नाही. नूतनताईंचं म्हणणं, दोन्ही झाडं उपटून टाका. नानांचं म्हणणं, झाडं उपटली तर दाखवायचं काय? पुरावा तोच! पाहुणे गेटमधून आत येताक्षणी झाड नजरेला पडलं पाहिजे. पण गोणपाट, गोधडी, चादर आणि माकडटोपीत गुंडाळलेलं ते प्रकरण झाड कमी आणि दम्याचा पेशंट जास्त दिसत होतं. म्हणजे रविवारी पाम उघडे करायला हवेत. आणि रविवारी पारा घसरणार होता. एकीकडे पोरीचं लग्न, दुसरीकडे धाकटीचा जीव. नाना अंथरुणात कूस बदलत राहिले. नूतनताईंनी अंधारात विचारलं, "कसला विचार करताय?" नाना म्हणाले, "ऋतिकाचा." ते निम्मं खरं होतं.

रविवारी सकाळी आभाळ भरून आलं आणि वारा असा बोचरा सुटला की गल्लीतली कुत्रीसुद्धा उंबऱ्याबाहेर पडेनात. नानांनी जड हाताने गुंडाळ्या सोडून झाडामागे टाकल्या. ओल्या फडक्याने बुंधे पुसले. धाकटीची सुकलेली टोकं कात्रीने छाटली आणि तिला हळूच म्हणाले, "दोन तास काढ गं. पोरीचा प्रश्न आहे."

गाडी आली. पुढून नवीन उतरला, मागून देवचंदभाऊ, गोल चेहऱ्याचे, मफलर गुंडाळलेले, खांद्याला कापडी पिशवी. त्यांच्यामागून बेबाबाई उतरल्या. उंच, ताठ, आणि चेहरा असा की पंपाच्या दुकानात उधारीवाला पाऊल टाकणार नाही. शेवटी मगनमामा. नानांशी नजरानजर होताच त्यांनी नजर आभाळाकडे वळवली.

नानांनी ठरवलं होतं, वेळ दवडायची नाही. "या, बसा" म्हणायच्याही आधी ते गेटमध्ये आडवे उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आधी बाटली बघा!"

बेबाबाईंच्या भुवया वर गेल्या. नवीन जागीच थबकला. देवचंदभाऊंनी घाईघाईने नानांचा दंड धरून त्यांना घराकडे वळवलं आणि कानाशी पुटपुटले, "नाना, दमानं! बाया-माणसं शेतस. पैले चहा-पोहे व्हऊ द्या!"

"अहो, ही इथेच आहे, हात लावून बघा..."

"शे, शे, ठाऊक शे माले. चला!" असं म्हणत देवचंदभाऊंनी त्यांना जवळजवळ ढकलतच दिवाणखान्यात नेलं. पाम मागेच राहिले, उघडे, थंडीत.

पोहे आले. ऋतिका आली. बेबाबाईंनी तिला एकच प्रश्न विचारला, "राग उना तं काय करस तू?" ऋतिका म्हणाली, "पहिल्यांदा जेवून घेते. मग भांडते." बेबाबाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. त्या उठून स्वयंपाकघरात नूतनताईंकडे गेल्या. तिथे मदतीला द्रौपदाअक्काही होत्याच.

इकडे देवचंदभाऊंनी बशी खाली ठेवली आणि मांडीवर थाप मारली. "नाना, आमले पोर पसंत शे. नवीनले बी शे. मना तर्फे ठरनं समजा!"

नानांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मगनमामांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांना ठसका लागला. "भाऊजी," ते म्हणाले, "मी जे सांगितलं होतं ते तुम्ही..."

"तू गप ऱ्हाय मगन. नाना, चला, जरा बाहेर उभं राहू."

बाहेर येताच देवचंदभाऊंनी आधी घराकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, आणि धाकट्या पामच्या आडोशाला नानांना ओढलं. त्यांच्या चेहऱ्यावर शाळा चुकवलेल्या पोराचा आनंद होता. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर रबर लावलेली एक वस्तू काढली.

"घ्या. खास तुमनाकरता आणी. आज थंडीबी बेस शे."

"हे काय आहे?"

"काय नाना, गंमत करतस? बाटली!"

नानांनी त्या पुडक्याकडे पाहिलं, मग देवचंदभाऊंकडे, आणि मग आपला हात पामच्या बुंध्यावर ठेवला. "देवचंदभाऊ, माझी बाटली ही आहे."

"कोनती?"

"ही. हे झाड. बॉटल पाम. मगनभाऊंनी ऐकलं ते सगळं खरं होतं, पण ते हिच्याबद्दल. मी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्लेली नाही."

देवचंदभाऊंनी ते झाड खालून वर निरखलं. फुगीर बुंधा, वर चार पानं, पानांची टोकं छाटलेली. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"म्हणजे तुम्ही घेतच नही? दिवाळीले? लग्नकार्याले? कधीमधी, सर्दीसाठी?"

"काढा घेतो. तुळशीचा."

"अरे देवा!" देवचंदभाऊ बुंध्याला टेकले. "पाच स्थळं पाह्यनी नाना या सालमा. एक माळकरी, दुसरा सत्संगी, तिसरानी तं माले भाषण दिधं. मना सख्खा जावई दूध पेस! मगननी तुमनं सांगं, तव्हय बेबा म्हने नकोच ते घर. मीच हट्ट धरा. म्हनं, एक तं व्याही भेटना असा, ज्यानासंगे सणवारले दोन घटका बसता येईन." त्यांनी उसासा सोडला. "जाऊ द्या. शब्द दिधा तो दिधा. पोर चांगली शे तुमनी."

नानांना त्यांची इतकी कीव आली की क्षणभर आपण थोडी पीत असतो तर बरं झालं असतं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. ते काही सांत्वनाचं बोलणार, तोच दारात बेबाबाई उभ्या राहिल्या.

देवचंदभाऊंचा रंगच उडाला. पुडकं पिशवीत टाकायला वेळ नव्हता. ते त्यांनी नानांच्या हातात कोंबलं. आयुष्यात ज्यांनी विड्याच्या तबकाला हात लावला नव्हता, त्या चुडामणनानांनी पापणी लवायच्या आत खाली पडलेली चादर उचलली, बाटली झाडाला टेकवली आणि वरून झाडासकट चादर गुंडाळून टाकली.

बेबाबाई जवळ आल्या. "काय शे त्यामा?"

नाना खोटं कधी बोलले नव्हते. आजही बोलले नाहीत. "बाटली आहे," ते म्हणाले.

देवचंदभाऊंनी डोळे मिटले.

"व्हय, आते सांगं माले अक्कानी आतमा," बेबाबाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मोकळं हसल्या. "मगन्यानी अक्कल! झाडले दारू समजना. नाना, माफ करा आमले. इतला जीव लावतस तुम्ही झाडले, पोरले कितला लावेल व्हई!"

अशी सोयरीक पक्की झाली. पेढे वाटले गेले. फक्त देवचंदभाऊंचं पेढ्यात लक्ष नव्हतं. निघायची वेळ झाली तशी त्यांची नजर पुन्हा पुन्हा चादरीकडे जाऊ लागली. सगळे गेटशी निरोप घेत असताना ते अचानक वळले, धाकट्या पामकडे गेले आणि त्यांनी दोन्ही हातांनी झाडाला मिठी मारली. चांगली घट्ट, चादरीच्या आत हात घालून, मफलर झाडावर घासत. सगळे बघत राहिले.

"कितला माया करनारा माणूस शे!" द्रौपदाअक्कांनी डोळ्याला पदर लावला.

नानांना सगळं कळत होतं. पण तरीही आपल्या धाकटीला दुसऱ्या कोणी मिठी मारलेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. त्यांनाही भरून आलं.

देवचंदभाऊ कोटाची बटणं लावत, पोटाशी हात धरून परत आले. बेबाबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

"इतलं आवडनं का तुमले झाड?"

"हां... म्हणजे... बेस शे झाड," देवचंदभाऊ म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मंग एक लई टाकू ना आपलाकरता. नाना, कोठे भेटस हाई?"

नाना असा प्रश्न कोणी विचारावा म्हणून कित्येक वर्षं थांबले होते. ते चपला घालून थेट गाडीतच बसले. हायवेवरच्या नर्सरीत त्यांनी सगळी रोपं वाकवून, निरखून एक निवडलं आणि धुळ्याच्या दिशेने जाणारी गाडी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यावर उभे राहून मोठ्याने सूचना देत राहिले. मुळाशी पाणी साचू देऊ नका. कोंबाला धक्का लावू नका. आणि थंडी! धुळ्याची थंडी जळगावपेक्षा वाईट, तेव्हा तिला एकटी सोडू नका.

लग्न माघात थाटात झालं. पुढचा हिवाळा आला तो पुन्हा तसाच लहरी, आज उकाडा तर उद्या कडाका. धुळ्यात पारा असा घसरला की वर्तमानपत्रांत शेकोट्यांचे फोटो झळकले. एका सकाळी नाना धाकटीच्या नव्या पानावरचं दव टिपत असताना बेबाबाईंचा फोन आला.

"नाना, तुमनं उपकार मानानं शे."

"कसले हो?"

"यासनी ती बाटली सुटनी."

नाना गडबडले. "कोणती बाटली? देवचंदभाऊ तर..."

"ऱ्हाऊ द्या नाना. तीस सालथून माले ठाऊक शे, दुकाननी मांगली फळीवर काय ऱ्हास ते. आते संध्याकाय व्हयनी का घर येतस, झाडपाशी बठतस, दिवा लावतस, टोपी घालतस. दुकाननी फळी रिकामी शे."

"वा! फार आनंद झाला ऐकून," नाना मनापासून म्हणाले.

"कसाना आनंद?" बेबाबाईंचा आवाज चढला. "नाना, ती बाटली परवडी! ती आपली फळीवर मुकाट बठे. हाई बाटली थंडीना मारे घरमा उनी, कुंडीसकट पलंगवर बठनी, मना रजईमा! आठ दिन व्हयनात, मी हालमा सतरंजीवर झोपी राह्यनू. तुम्हीच समजाडा आते त्यासले."

यावर व्याही म्हणून काय बोलावं, याचा चुडामणनानांनी खरोखर प्रामाणिकपणे विचार केला. मग त्यांच्याच्याने राहवलं नाही.

"ते समजावतो मी," ते म्हणाले. "पण पानं कशी आहेत?"